विचार करून राहिली

हर्षा कापगतेला लहानपणी प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर दहामध्ये, हर्षा असं कोणी म्हणतच नसे. सगळे कावूनबाई म्हणायचे. नाव तिच्या आईनंच पाडलेलं. पोरगी बोलायला लागली आणि तिच्या तोंडातलं 'कावून' काही सुटेना. दूध पी म्हटलं की कावून. झोप म्हटलं की कावून. भोंगा झाला, बाबा येतीलच आता, म्हटलं की भोंगा कावून वाजते? पुण्याकडची माणसं नुसतं 'का' म्हणून मोकळी होतात. आमच्या साकोली-लाखांदूरकडच्या माणसाचं तेवढ्यावर भागत नाही, त्याला चांगलं तोंड भरून विचारावं लागतं. आई पंचफुलाबाई कावली की म्हणायची, "या पोट्टीले कावूनच्याच शाळेत टाका लागते." तशी शाळा खरंच असते आणि पोरगी एक दिवस तिथं जायला निघेल, हे त्या माउलीला काय ठाऊक.

बाप पंजाबराव साकोलीकडून इकडं आलेला, पोलादाच्या प्लांटात क्रेन चालवायचा. रस्त्यावरची नव्हे, शेडच्या छताशी रुळांवर धावते ती. शिडीनं वर चढायचं, काचेच्या केबिनमध्ये बसायचं आणि खाली लालभडक लोखंड इकडून तिकडे नेऊन ठेवायचं. आठ तासांनी पुढच्या पाळीचा माणूस यायचा, त्याला म्हणायचे रिलीव्हर. रिलीव्हर वर चढला की मगच पंजाबरावांनी उतरायचं. चौतीस वर्षांत त्यांनी रिलीव्हर आल्याशिवाय केबिन सोडली नाही. बाकी कोणत्या गोष्टीचा अभिमान त्या माणसाला नव्हता, पण या एका गोष्टीचा होता.

हर्षा नऊ वर्षांची असतानाची गोष्ट. पोळ्याचा दिवस. घरात पुरणाचा वास, आई दारात उभी, पराग नावाचा धाकटा भाऊ मातीचे बैल घेऊन बसलेला. दुपारी तीनला येणारे पंजाबराव आलेच नाहीत. त्यांचा रिलीव्हर धोंडबा सणाला गावी गेला आणि तिकडेच लोळत पडला. पंजाबरावांनी दुसरी पाळीही ओढली. सोळा तास. घरी आले तेव्हा पुरणपोळी गार झालेली. पोरगी जागीच होती. तिनं विचारलं, "बाबा, तुमी कावून नाई उतरले?"

"रिलीव्हर आला नव्हता."

"मंग तो कधीच नसता आला तं?"

पंजाबरावांनी घास हातातच धरला. मग म्हणाले, "जेव गपचूप."

पोरगी जेवली. पण प्रश्न काही पोटात गेला नाही.

पुढं दुर्गच्या कॉलेजात बीएला नाव घालायला गेली तेव्हा रांगेत ती शेवटून चौथी. इतिहासाच्या जागा भरल्या, भूगोलाच्या भरल्या, समाजशास्त्राच्याही भरल्या. खिडकीतला बाबू म्हणाला, "दर्शनशास्त्र खाली है, लिख दूँ?" तिनं विचारलं, "उसमें पढ़ाते क्या हैं?" बाबू म्हणाला, "पता नहीं, कोई लेता ही नहीं." झालं, लिहिलं. दर्शनशास्त्र म्हणजे आपलं तत्त्वज्ञान. माणसाचं आयुष्य कुठल्या खिडकीवर ठरेल याचा काही नेम नाही.

घरी सांगितलं तर पंचफुलाबाई म्हणाल्या, "दर्शनाले कॉलेज कायले पायजे वं? डोंगरगडले जाय, पायऱ्या चढ, देवीचं चांगलं दर्शन होते." पुढं कितीतरी वर्षं नातेवाइकांत हेच चाललं. पोरगी दर्शन शिकते म्हणजे कीर्तनकार होणार, असं साकोलीच्या आत्याला मनापासून वाटायचं.

वर्गात मुलं पाच. शिकवणारे कृष्णराव सर मूळचे नागपूरचे, दुर्गमध्येच मोहन नगरला राहायचे, जुनी स्कूटर, खिशाला शाईचा डाग. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'वचन क्यों निभाना चाहिए?' आणि खुर्चीत बसून राहिले. चार मुलं वहीत उतरवून घेऊ लागली. हर्षा त्या फळ्याकडं बघतच राहिली. पोळ्याच्या दिवशीचा तिचा प्रश्न कोणीतरी सभ्य भाषेत लिहून ठेवला होता. ती बाहेर आली तेव्हा, खोटं कशाला सांगा, रडत होती. आनंदानं.

रायपूरला एमए केलं. पहिली आली. मग जे होतं तेच झालं. कॉलेजात जागा निघेनात, म्हणून जामुलच्या एका खासगी शाळेत लागली. सिमेंट कारखान्याच्या अंगाला शाळा, बाकावर रोज पांढरी पूड. तिथं हिंदी शिकवायची आणि मोरल सायन्स. मोरल सायन्समध्ये खरं बोलावं, रांगेत उभं राहावं, मोठ्यांचं ऐकावं. मुलांनी 'क्यों' विचारलं की तिला इतका हर्ष व्हायचा की अर्धा तास त्यातच जायचा आणि पोर्शन मागं पडायचा. मुख्याध्यापिका बोलवून दम द्यायच्या.

आणि मग पंजाबराव पडले. निवृत्तीला दोन वर्षं झाली होती. सकाळी चहाचा कप उचलायला गेले आणि उजवा हात उठलाच नाही. लकवा. उजवं अंग गेलं, बोलणं तुटकं झालं, डोकं मात्र लख्ख राहिलं, आणि हे जास्त वाईट. माणूस धिप्पाड, वजनदार. पंचफुलाबाईंच्या गुडघ्यांत जीव नाही, डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांच्यानं नवरा कुशीवर वळत नव्हता. वळवणं, उचलणं, अंघोळ, भांडं देणं, सगळं हर्षाकडं आलं. कोणी दिलं नाही, तिनं मागितलं नाही, आलं. चार वर्षं.

पराग नागपूरला बँकेत नोकरीला. बायको ममता, एक लहान लेकरू. पराग वाईट नाही हो, फोन रोज करायचा. "ताई, बाबाले फिजिओ चालू ठेव. ताई, मीठ कमी कर." उंटावरून शेळ्या हाकायच्या त्या नागपुरातून हाकायचा. आणि प्रत्येक फोनच्या शेवटी, "मी येऊन राहिलो ना ताई. बदलीचा अर्ज टाकला, रायपूर ब्रँचले, घरून ये-जा होते. येऊनच राहिलो."

इथं एक सांगायला हवं, नाहीतर पुढची गोष्ट कळायची नाही. आमच्याकडं 'येऊन राहिलो' म्हणजे येतो आहे. काम चालू आहे, पाऊल उचललेलं आहे. 'जेवून राहिली' म्हणजे जेवते आहे. पण पुण्याच्या कानाला ते वेगळंच लागतं. हर्षा एकदा मैत्रिणीच्या लग्नाला पुण्याला गेली होती, तिथं कोणीतरी विचारलं, काय गं, निघालीस का? ही म्हणाली, "हाव, जाऊन राहिली." सगळ्या बायका हसल्या. "जाऊन राहिली म्हणजे? गेलीस आणि राहिलीस?" हर्षा कानापर्यंत लाल झाली. तेव्हापासून पुण्याच्या माणसाशी बोलताना ती प्रत्येक वाक्य आधी मनात धुऊन, वाळवून मग बाहेर काढायची.

बाहेरच्या विद्यापीठाचं खूळ कृष्णराव सरांनी डोक्यात घातलं. ते निवृत्त झाले होते, पण कावूनबाईला विसरले नव्हते. एक दिवस स्कूटरवर आले, हातात छापलेला कागद. नेदरलँड्समधलं एक विद्यापीठ, तत्त्वज्ञानाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, एकाच विद्यार्थ्याला पूर्ण शिष्यवृत्ती. "टाक अर्ज," म्हणाले. हर्षा म्हणाली, "सर, बाबा?" सर म्हणाले, "अर्ज टाकायला बाबांना उचलावं लागत नाही."

अर्ज म्हणजे काय काम असतं, ते ज्यानं केलं त्यालाच माहीत. गुणपत्रिका हिंदीत, त्यांचं इंग्रजी करून शिक्का मारून घ्या. इंग्रजीची परीक्षा रायपूरला, त्या दिवशी बाबांजवळ शेजारणीला बसवा. पासपोर्टच्या चौकशीला आलेला हवालदार विचारतो, "दर्शनशास्त्र मतलब? ज्योतिष?" आणि जाताना हात पुढं करून भविष्यही विचारतो. शिफारसपत्राची तर कमालच. विद्यापीठानं सरांना मेलवर एक दुवा पाठवला, त्यावर टिचकी मारून पत्र चढवायचं. सरांनी मेल छापून घेतला, फायलीत लावला आणि पोस्टानं फॉर्म यायची वाट बघत तीन आठवडे बसले. शेवटच्या दिवशी हर्षानं मोहन नगरला जाऊन त्यांच्या बोटाला धरून टिचकी मारून घेतली.

पण एक काम तिनं असं केलं की त्यात तिला दिवस कमी पडले. लेखनाचा नमुना मागितला होता. तिनं निबंध लिहिला, मराठीत नाव सांगायचं तर 'बदली माणूस आला नाही तर'. त्यात एक क्रेनवाला आहे. त्याचा रिलीव्हर येत नाही. त्यानं किती वेळ बसावं? एक पाळी, दोन पाळ्या, की मरेपर्यंत? तिनं पानामागून पान लिहिलं आणि शेवटी म्हटलं की दिलेला शब्द हा दोन टोकांनी धरलेला असतो. समोरच्यानं आपलं टोक सोडलं की काही काळानं हा माणूस मोकळा होतो. त्यानंतरही तो बसून राहिला, तर ते कर्तव्य नव्हे. ती भीती असेल, नाहीतर माया असेल, आणि त्यातलं कोणतं आहे हे ओळखणं त्याचं काम आहे.

मुलाखत झाली, लॅपटॉपवर. पाठीमागं गोदरेजचं कपाट, बाजूच्या खोलीत बाबांचा खोकला. समोर तिघं जण, त्यात एक गीतांजली मॅडम, पुण्यात वाढलेल्या, आता त्या विद्यापीठात शिकवणाऱ्या. त्यांनी निबंधावरच विचारलं. "हा क्रेनवाला तुझ्या ओळखीचा आहे का?" हर्षा म्हणाली, "बाजूच्या खोलीत आहे." ते तिघं हसले नाहीत, आणि तिथंच तिचं काम झालं.

मार्चअखेर पत्र आलं. निवड. शिष्यवृत्तीसकट. हर्षानं पत्र चारदा वाचलं, मग बाबांच्या पलंगाशी जाऊन वाचून दाखवलं. पंजाबरावांचा डावा डोळा भरून आला. त्यांनी विचारलं, तुटक, एकेक शब्द ओढत, "रि...लीव्हर?"

"पराग येऊन राहिला ना बाबा," ती म्हणाली.

तेव्हापासून घरात तोच एक विषय. पराग म्हणे, बदली झालीच समज. पंचफुलाबाई म्हणत, "जाय माय तू, मी करून घेईन," आणि एक दिवस दाखवायला म्हणून नवऱ्याला उठवायला गेल्या तर दोघंही पलंगावर आडवे. हसावं की रडावं, आधी हसल्याच दोघी, मग पंचफुलाबाई पदर डोळ्याला लावून बसल्या. साकोलीची आत्या फोनवर म्हणाली, "तिशीची पोरगी, लग्नाचं पाहा, दर्शनाचं काय घेऊन बसले." इकडं आड तिकडं विहीर. हर्षा घरात चालायची तेव्हा तिला भिंती जवळ आल्यासारखं वाटायचं. दोन खोल्यांचं क्वार्टर, लहानपणापासून तेवढंच होतं, पण आता पलंगापासून मोरीपर्यंत तेरा पावलं, मोरीपासून गॅसपर्यंत सात, हे तिला पाठ झालं होतं. बाहेर जायचं म्हणजे जामुलची बस. तिला या घराचा राग यायचा, आणि रागाची लाज वाटायची, आणि लाजेचा पुन्हा राग.

गीतांजली मॅडम मराठीतच लिहायच्या, फोनवर. प्रेमळ बाई. 'अगं, थंडीचे कपडे इथेच घे.' हर्षा जपून उत्तर द्यायची, 'हो मॅडम, मी तयारी करते आहे.' एका उत्तराला दहा-दहा मिनिटं. 'राहिली' हा शब्द कुठं येऊ द्यायचा नाही.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मॅडमनी लिहिलं, 'हर्षा, तुझा होकार अजून आला नाही. शुक्रवारी तुमच्या वेळेनं दुपारी अडीचला आमची बैठक आहे. तोवर नक्की सांग. यादीतल्या पुढच्या मुलाला थांबवून ठेवलंय.' हर्षानं परागला फोन केला. पराग म्हणाला, "गुरुवारच्या गाडीनं येऊन राहिलो. पक्कं."

गुरुवारी गाडी आली, पराग आला नाही.

शुक्रवारी शाळा सकाळची होती. हर्षा साडेबाराला घरी आली, उन्हानं तोंड लाल झालेलं, कूलरमध्ये पाणी भरलं आणि बाबांच्या अंगपुसणीला लागली. तेवढ्यात परागचा फोन. "ताई, लेकराले ताप आहे. या आठवड्यात नाई जमत. पण मी येऊन राहिलो, अर्ज पुढं गेला आहे." हर्षानं फोन ठेवला. एक हात बाबांच्या पाठीखाली, दुसऱ्या हाताला साबण. मॅडमचा निरोप आलेला होता, 'काय ठरलं गं?' तिनं पदराला हात पुसला आणि अंगठ्यानं लिहिलं, जसं मनात होतं तसं. धुतलं नाही, वाळवलं नाही.

'मॅडम, भाऊ नाही आला. बाबांचं पाहणारं कोणी नाही. मी विचार करून राहिली.'

आणि फोन फ्रिजवर ठेवून पुन्हा टॉवेल पिळला.

आता सांगा, पुण्यात वाढलेल्या बाईनं यातून काय समजावं? बाबांना बघायला कोणी नाही. मी विचार केला आणि राहिले. साधं, सरळ, दुःखद वाक्य. त्यांनी पाच मिनिटांत उत्तर दिलं, आणि माणूस चांगला असला की कधी कधी असाच घात होतो.

हर्षानं ते वाचलं तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. 'अगं, समजलं. किती विचार करून राहिली असशील, मी कल्पना करू शकते. वाईट वाटून घेऊ नकोस. बैठकीत मी सांगते, तुला वेगळं काही लिहायला नको. बाबांना जप.'

पहिल्यांदा तिला कळलंच नाही. दुसऱ्यांदा वाचलं आणि लग्नाच्या मांडवातल्या त्या बायका हसल्या, तिला अगदी ऐकू आलं. एक दहा. अडीचला बैठक. एक तास वीस मिनिटं. अजून काही गेलं नव्हतं.

तिनं लिहिलं, 'मॅडम, गैरसमज झाला. आमच्याकडे विचार करून राहिली म्हणजे विचार चालू आहे.' वाचून बघितलं. खोडलं. विचार चालू आहे म्हणून ते कोणासाठी थांबणार होते? आता होय किंवा नाही. तिनं लिहिलं, 'येते मॅडम.' एवढंच. दोन शब्द, एक टिंब. बोट बाणावर नेलं.

"ह...र्षा," पलंगावरून हाक आली. भांडं हवं होतं.

ती गेली. भांडं दिलं, घेतलं, धुतलं, चादर सारखी केली. वीस मिनिटं गेली असतील. 'येते मॅडम' फोनवर तसंच होतं, न पाठवलेलं. एक पस्तीस झाले होते. मग ती मोरीत गेली आणि सकाळची भांडी घासायला बसली. कोणी सांगितलं नव्हतं. आई आतल्या खोलीत झोपलेली. पातेलं घासलं, तवा घासला, तव्याची मागची बाजू घासली, जी कोणी घासत नाही. चिमट्याचे सांधे घासले. मधून मधून मान वळवून ती घड्याळाकडं बघायची. दोन. दोन दहा. उठावं असं वाटायचं आणि अंग उठायचं नाही. त्या बाईच्या वाक्यात तिला एक जागा सापडली होती, जिथं कोणी तिला काही विचारणार नव्हतं. राहिली, तर बाबांसाठी राहिली. गेलं, तर भाषेमुळं गेलं.

अडीच वाजले. मग दोन चाळीस.

पहिल्यांदा तिला हलकं वाटलं. खरंच हलकं, छातीवरचं ओझं कोणी उचलल्यासारखं. आणि दुसऱ्या क्षणी त्या हलकेपणाचा तिला इतका संताप आला की तिनं घासलेला तवा मोरीत आपटला. मग तोंडात पदर कोंबून रडली, आई उठू नये म्हणून आवाज न करता. संध्याकाळी मॅडमचा निरोप आला, 'जागा त्या मुलाला दिली. तुझा निबंध मात्र सगळ्यांच्या लक्षात राहील.'

घरी तिनं सांगितलं ते असं. मी लिहिलं विचार करून राहिली, मॅडम समजल्या मी राहिली. पंचफुलाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. दोन दिवसांत सेक्टर दहामधल्या सगळ्या मराठी घरांत गोष्ट पोचली. पुणेवाल्यांले आपली बोली समजत नाई, पोट्टीचं नशीब खाल्लं त्यायनं, असं जो तो म्हणू लागला. लोकांना बरं वाटलं, पुण्याला नावं ठेवायला कारण मिळालं. कृष्णराव सर स्कूटर काढून आले. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "लगेच फोन नाही केलास?"

"लागला नाही, सर," हर्षा म्हणाली. सरांशी ती आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलली.

रविवारी दुपारी दारात रिक्षा थांबली. पराग, ममता, कडेवर लेकरू, चार पिशव्या, एक गुंडाळलेली गादी. बदलीचं पत्र शनिवारी हातात पडलं होतं. गडी येऊन राहिलो म्हणत होता तो खरंच येऊन राहिला होता, फक्त त्याच्यावर विश्वास ठेवणारं कोणी उरलं नव्हतं. "ताई, आता तू बिनधास्त जाय," तो चप्पल काढता काढता म्हणाला. पंचफुलाबाईंनी त्याला आत ओढून सगळी हकिकत सांगितली. पराग भिंतीला टेकून खाली बसला. "अरे बाप्पा," म्हणाला, "मंग त्यायले सांगाचं नाई का लगेच, असं नोय म्हणून?" हर्षा म्हणाली, "निरोप उशिरा पाह्यला."

रात्रीच्या जेवणाची वाट न बघता पंजाबरावांना सहा वाजताच भरवावं लागायचं. मऊ भात, वरण. हर्षा ताट घेऊन पलंगाशी बसली. आत पराग आणि ममता सामान लावत होते. पंजाबरावांनी घास घेतला नाही. ते तिच्याकडं बघत होते. चौतीस वर्षं त्या माणसानं उंचावरून खालची हालचाल टिपली होती, कोण कुठं उभा आहे, कोणाचा हात कुठं आहे. शुक्रवारी दुपारी ते जागेच होते. पलंगावरून फ्रिज दिसतो, घड्याळ दिसतं आणि मोरीसुद्धा दिसते.

"फोन," ते म्हणाले. मग बराच वेळ घेऊन, "हातात... होता."

हर्षानं वरण भातावर ओतलं.

"का...वून?" पंजाबरावांनी विचारलं.

साऱ्या जन्मात त्यांनी हा शब्द कोणाला विचारला नव्हता. प्लांटात नाही, घरात नाही, दुखणं आलं तेव्हा देवालाही नाही. आणि ज्या पोरीनं बोलायला लागल्यापासून सगळ्यांना तोच एक प्रश्न विचारला, तिच्यापाशी उत्तर नव्हतं. भीती होती की माया, निबंधात तिनं इतकं नीट लिहिलं होतं, आणि आता तिला ते कळत नव्हतं. तिला एवढंच कळत होतं की रिलीव्हर आला होता, बाजूच्या खोलीत गादी उलगडत होता, आणि ती अजून इथंच बसली होती.

तिनं भात कालवला, घास केला आणि बाबांच्या तोंडाशी नेला.

"जेवा बाबा," ती म्हणाली, "गपचूप."